महिन्याचा तांदूळ कुठल्या खान्यात लिहायचा?

मे महिना म्हणजे आमच्या संगमेश्वर तालुक्यात चाकरमान्यांचा महिना. मुंबईकर गावी आलेला असतो, वाडीवाडीत मांडव पडलेले असतात आणि खिशात दोन पैसे असतात. हे हेरून अलीकडे या महिन्यात आणखी एक हंगाम सुरू झाला आहे, तो म्हणजे 'गुंतवणूक जागृती'चा. अशाच एका कार्यक्रमाला मी जाऊन बसलो होतो. समोर निवृत्त एसटी कामगार होते, प्राथमिक शाळेचे मास्तर होते, बचत गटाच्या आयाबहिणी होत्या, गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेले चार-दोन म्हातारे होते. वक्ते शहरातून आलेले. बोलणे गोड, पण त्यातला आशय मात्र कडू. तुम्ही लोक पैसा साठवता, वाढवत नाही. पोस्टात टाकता, सोन्यात घालता, नाहीतर लग्नात उडवता. श्रीमंत माणूस जोखीम घेतो म्हणून श्रीमंत होतो, तुम्ही घाबरता म्हणून आहात तिथेच राहता. हे माझे मत नाही, गणिताने सिद्ध झालेले आहे, असे म्हणून त्यांनी पडद्यावर एक सूत्र दाखवले.

सूत्र पाहून सगळे गप्प झाले. सूत्र पुढे आले की बहुजन समाज गप्प होतो, ही आमची जुनी खोड आहे. पूर्वी संस्कृत ऐकून गप्प व्हायचो, आता गणित पाहून होतो. पण शेवटच्या रांगेतून आमच्या बौद्धवाडीतले एक काका उठले. आयुष्य मुंबईत राबण्यात गेलेले. त्यांनी विचारले, "साहेब, या गणितात महिन्याचा तांदूळ कुठल्या खान्यात लिहायचा?"

लोक हसले, वक्तेही हसले. म्हणाले, ते तुमचे तुम्ही बघायचे.

मला मात्र हसू आले नाही. काकांनी विचारले तो प्रश्न अडाण्याचा नव्हता. या शास्त्राच्या मुळाशी असलेलाच प्रश्न त्यांनी विचारला होता. आणि त्याचे उत्तर त्याच गणितात दिलेले आहे. वक्त्यांनी ते सांगितले नाही, किंवा त्यांना ते कोणी शिकवले नसावे.

माणसाने मिळकतीतले किती खावे, किती मागे टाकावे आणि मागे टाकलेले कशात गुंतवावे, याचे गणित मांडायला सुरुवात झाली त्याला आता शतक होत आले. केंब्रिजचा फ्रँक रॅम्से नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण, त्याने डिसेंबर १९२८ मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये बचतीचा गणिती सिद्धांत मांडला. राष्ट्राने आपल्या उत्पन्नातला किती भाग वाचवावा, हा त्याचा प्रश्न. पुढच्या पिढीचे सुख आजच्या सुखापेक्षा कमी मोलाचे धरायला त्याने साफ नकार दिला. तसे करणे नीतीला धरून नाही, असे त्याचे म्हणणे होते. बिचारा सव्विसाव्या वर्षी गेला. १९५४ मध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रुम्बर्ग यांनी हाच विचार एका माणसाच्या आयुष्याला लावला. तरुणपणी कमवा, म्हातारपणासाठी ठेवा, म्हणजे ताटातली भाकरी आयुष्यभर साधारण सारखी राहील. मोदिग्लियानींना १९८५ साली नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

पडद्यावर दाखवलेले सूत्र यांच्यानंतरचे. ते रॉबर्ट मर्टन यांचे, १९६९ सालचे. सोप्या भाषेत ते असे. सुरक्षित ठिकाणी मिळणाऱ्या व्याजापेक्षा जोखमीच्या ठिकाणी जादा किती मिळते, ते वर लिहा. खाली दोन गोष्टींचा गुणाकार करा : तुमचा जोखमीबद्दलचा सावधपणा आणि त्या गुंतवणुकीतल्या चढउताराचा वर्ग. वरच्याला खालच्याने भागा. जे येईल तेवढा हिस्सा जोखमीत घाला, बाकी सुरक्षित ठेवा. समजा जादा परतावा सहा टक्के, चढउतार वीस टक्के आणि सावधपणाचा आकडा तीन. भागाकार येतो निम्मा. म्हणजे निम्मे पैसे जोखमीत, निम्मे सुरक्षित.

आता गंमत बघा. या सूत्रात तुमच्याकडे पैसे किती आहेत याला जागाच नाही! कोट्यधीशाने निम्मे घालावेत आणि मोलकरणीनेही निम्मेच घालावेत. मग जी मोलकरीण घालत नाही ती भित्री ठरते. वक्त्यांचा सगळा उपदेश या एका जागेवर उभा होता.

पण हे सूत्र निघते ते एका अटीवर. ती अट अशी की माणसाला अमुक इतके खायला लागतेच, असे त्यात धरलेले नाही. उपभोग कितीही खाली गेला तरी चालेल. काकांचा तांदूळ बाहेर राहतो तो इथे. तो आत घेतला की काय होते? तेही गणित मांडलेले आहे. खुद्द मर्टन यांनीच १९७१ च्या निबंधात अशा अधिक व्यापक समीकरणांची सोडवणूक केली आहे. उत्तर असे येते की आधी जगण्याच्या किमान खर्चाची कायमची सोय करणारी रक्कम बाजूला काढा, तिला हात लावू नका. जे उरेल त्याच्यावर ते सूत्र चालवा.

वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा एका घराला जगायला महिना पाच हजार, म्हणजे वर्षाला साठ हजार लागतात. महागाई तूर्त बाजूला ठेवू. सुरक्षित व्याज सहा टक्के धरले तर साठ हजार व्याज यायला दहा लाखांची ठेव लागते. आता ज्याच्याकडे एक कोटी आहेत, त्याचे दहा लाख वजा जाता नव्वद लाख उरतात. त्यातले निम्मे, पंचेचाळीस लाख, तो जोखमीत घालतो. म्हणजे संपत्तीच्या पंचेचाळीस टक्के. ज्याच्याकडे बारा लाख आहेत त्याचे उरतात दोन लाख, तो घालतो एक लाख, म्हणजे जेमतेम आठ टक्के. आणि ज्याच्याकडे आठ लाख आहेत तो काहीही घालू शकत नाही. तिघांचाही सावधपणाचा आकडा तीनच आहे. तिघांचे काळीज सारखेच आहे! फरक आहे तो पायाखालच्या जमिनीचा.

आणखी एक आकडा. त्या बारा लाखवाल्याला कुठून तरी महिना पाच हजारांची खात्रीची मिळकत सुरू झाली असे धरा. पेन्शन असो, मुलाचा पगार असो. मग किमान खर्चासाठी काही बाजूला ठेवण्याची गरज उरत नाही. सगळे बारा लाख मोकळे झाले. तोच माणूस, तेच काळीज, पण आता तो एकाऐवजी सहा लाख जोखमीत घालील. त्याला धीट कोणी केले? उपदेशाने तर नाही केले.

कोणी म्हणेल, ही कागदावरची गोष्ट झाली. पण हे गणित जगात कुठे तपासले गेले असेल तर ते आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत, आणि हे आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट नावाची कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ पासून काही गावांत घरटी हिशेब लिहायला माणसे बसवली. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातले कंझरा आणि किनखेडा ही त्यातली आपली गावे. प्रत्येक गावात चाळीस घरे निवडली. त्यात शेतकरीही होते आणि दहा घरे भूमिहीन मजुरांचीही होती. कोणी काय पेरले, काय खाल्ले, काय विकले, कोणाकडून उसने घेतले, वर्षानुवर्षे लिहीत गेले. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतल्या अर्थतज्ज्ञांनी या वह्यांवर आपली सूत्रे घासून पाहिली.

पहिली गोष्ट भित्रेपणाची. हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने या भागातल्या शेतकऱ्या-मजुरांना खरे पैसे लावून नाणेफेकीचे खेळ खेळायला दिले. खेळात मिळू शकणारी मोठी रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईच्या तोडीची होती, त्यामुळे ती थट्टा नव्हती. १९८० साली निष्कर्ष छापून आले. रक्कम मोठी झाली की जवळजवळ सगळेच बेताने सावध होतात, आणि गरीब-श्रीमंत यांच्या सावधपणात सांगण्याजोगा फरक नाही. मग गरीब शेतकरी कमी जोखमीचे, कमी उत्पन्नाचे पीक का घेतो? १९९३ मध्ये मार्क रोझेनझ्वाइग आणि याच बिन्सवांगर यांनी उत्तर काढले. पावसाचा बेभरवसा एका ठरावीक मापाने वाढला तर सर्वांत गरीब चौथाईच्या शेतीचा नफा पस्तीस टक्क्यांनी घटतो. सर्वांत श्रीमंत चौथाईचा जवळजवळ काहीच घटत नाही. कारण श्रीमंताचे घर पावसावर चालत नाही, कणगीवर चालते. गरीब मात्र पाऊस पडण्याआधीच सुरक्षित पण कमी नफ्याचे पीक निवडून बसलेला असतो. सुरक्षिततेचा हा हप्ता तो दरवर्षी भरतो, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट बैलांची. ती वाचताना मला माझे घर दिसले. रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी याच गावांच्या वह्यांवरून बैलांच्या खरेदी-विक्रीचे गणित मांडले. हाही निबंध १९९३ चाच. बैल ही शेतकऱ्याची उत्पादनाची वस्तू, पण अडचणीच्या वर्षी तीच त्याची बँक. पीक गेले की बैल विकायचा, खायचे, आणि पुढच्या पेरणीला भाड्याच्या बैलासाठी दारोदार फिरायचे. एक जोडी असणे सर्वांत फायद्याचे, हे माहीत असूनही बऱ्याच घरांत ती नसते. का नसते, तर मिळकत कमी, कर्ज मिळत नाही आणि पावसाचा भरवसा नाही. मग त्यांनी गणितात दोन उपाय घालून पाहिले. नुसता पाऊस-विमा दिला तर फारसा फरक पडत नाही. पण थोडी का होईना, खात्रीची नियमित मिळकत दिली तर शेतकरी बैल ठेवतो, उत्पन्न वाढते. चढउतार तेवढेच राहिले तरी वाढते!

खात्रीची थोडी मिळकत. संगमेश्वरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्ही तिला मनिऑर्डर म्हणत होतो.

रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरवर जगतो, असे हेटाळणीने म्हटले जायचे. २००१ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११३६ बाया होत्या. म्हणजे पुरुष मुंबईत आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे बाईच्या डोक्यावर. माझे वडील परळला एका गिरणीत होते. दर महिन्याला पोस्टमन यायचा आणि आई अंगठा उठवायची. त्या पैशाने काय होत होते? आमचे पोट भरत होते, हे खरे. पण गणिताच्या भाषेत सांगायचे तर किमान खर्चाची ठेव आमच्यासाठी मुंबईत ठेवलेली होती. म्हणून आई भाताचे नवे बियाणे घेऊन पाहू शकली. म्हणून थोरल्या भावाला देवरुखला शिकायला ठेवता आले, आणि शिक्षण ही तर सगळ्यात जोखमीची गुंतवणूक. दहा-बारा वर्षे पैसा घालायचा, मध्ये मोडता येत नाही, आणि शेवटी काय मिळेल याची हमी नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आमच्या वाडीत किती चुली त्या दिवसापासून मंदावल्या याचा हिशेब कुठल्या अहवालात नाही. त्या वर्षी आईने आधी गळ्यातले विकले, मग शेळ्या, मग बैल. एकच बैल होता आमचा, शेजारच्याच्या एका बैलाशी जोडून नांगरणी व्हायची. आमचा गेला तेव्हा शेजाऱ्याचाही अर्धा नांगर गेला. भावाचे शिक्षण बारावीला थांबले. आता कोणी म्हणावे की या बाईने चुकीच्या वेळी मत्ता मोडली!

गिरणीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. गिरणीत बरा पगार असायचा तो विणकाम खात्यात. तिथे तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळ होतो असे सांगून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद होते. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. रॅम्सेने बचतीचे गणित छापले ते हेच वर्ष. तेव्हा आमच्या आजोबा-पणजोबांनी किती वाचवावे हा प्रश्न नंतरचा. ज्या खात्यात वाचण्याइतके मिळत होते, त्या खात्यात त्यांना शिरूच दिले नव्हते.

जात या गणितात मागच्या दाराने येत नाही, पुढच्या दाराने येते. इक्रिसॅटच्या वह्यांवरचे सर्वांत गाजलेले काम रॉबर्ट टाऊनसेंड यांचे, १९९४ सालचे. शिरापूर, कंझरा आणि तेव्हाच्या आंध्रातले औरेपल्ली ही तीन गावे त्यांनी घेतली. एका घराची मिळकत बुडाली तरी त्याचे खाणे तेवढ्या प्रमाणात बुडत नाही, गावाच्या सरासरीबरोबर चालते, असे त्यांना दिसले. जणू सगळे गाव मिळून एकमेकांचा विमा उतरवते. पूर्ण नव्हे, पण बराच. खेडे म्हणजे एक कुटुंब, या कल्पनेला अमेरिकेतून गणिती शिक्का मिळाल्यासारखे झाले. आपल्याकडच्या ग्रामस्वराज्यवाल्यांना ते फार आवडले असते. मात्र एका गावात भूमिहीनांच्या वाट्याला हा विमा कमी येतो, हेही टाऊनसेंड यांनी नोंदवले होते.

२०१२ मध्ये माझोको आणि सैनी या दोघांनी तीच इक्रिसॅटची माहिती पुन्हा तपासली. सगळे गाव मिळून जोखीम वाटून घेते हे गृहीतक त्यांच्या कसोटीला उतरले नाही. पण गावाऐवजी जात हे एकक धरले तेव्हा ते उतरले. म्हणजे अडीनडीला धावून येते ते गाव नव्हे, जात. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले होते, त्याला चौसष्ट वर्षांनी समीकरणाचा दुजोरा मिळाला. त्यांना अर्थात समीकरणाची गरज नव्हती. त्यांनी खेडे बघितले होते.

याचा पुढचा अर्थ आपण लावायचा. ज्या जातीकडे जमीन आहे, नोकऱ्या आहेत, साखर कारखान्यात माणसे आहेत, तिच्यातला एकजण पडला तर नऊजण उचलतात. ज्या जातीकडे यातले काहीच नाही, तिथे उपाशी उपाशाला उसने देतो. आमच्या कोकणात तर गावच वाड्यांनी तोडलेले. पूर आला, दरड आली तर खालच्या अंगाची वाडी सगळीच्या सगळी सापडते. मग कोणी कोणाला द्यायचे? विम्याचे पहिले तत्त्वच हे की सगळे एकदम बुडता कामा नयेत. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा, मुंबईतली गावकरी मंडळे, मयताला आणि आजारपणाला काढलेली वर्गणी, हा आमचा विमा. तो आम्ही पै-पैने उभा केला आणि त्याचा अभिमान आहे. पण त्याची ताकद वर्गणी देणाऱ्याच्या खिशापेक्षा मोठी होऊ शकत नाही.

शिवाय विम्याचा हप्ता कशात मोजायचा? बलुते हाही एक प्रकारचा विमाच होता की! खळ्यावरचा वाटा, सणाची भाकर, मेलेले जनावर. दुष्काळातही थोडेफार मिळेल अशी सोय. हप्ता होता माणूसपणाचा. रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे, आणि ते पिढ्यान्पिढ्या. १९२८ च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती मांडली, महार वतन तोडायला लोकांना सांगितले, तेव्हा आपल्यातलेच काहीजण कुरकुरले होते. आज त्यांना हसू नये. हातची खात्री सोडून अंधारात पाऊल टाकायला सांगितले जात होते, तेही ज्यांच्यापाशी साठवलेले काहीच नाही अशांना. तरीही त्यांनी बलुते सोडले, मुंबई गाठली. जोखीम घेत नाहीत म्हणून गरीब राहतात, असे ज्यांना सांगितले जाते, त्यांच्याच आजोबांनी ही जोखीम घेतलेली आहे.

आणि संगमेश्वरात जमिनीची गोष्ट खोतीशिवाय पुरी होत नाही. कुळाने राबावे आणि खोताने अर्धेल न्यावे, वर वेठीला बोलवावे. मर्टनच्या सूत्रात घालायचे म्हटले तर वरचा जादा परतावाच अर्धा झाला, आणि उद्या जमिनीवर राहू की नाही याचा चढउतार खाली वाढला. अशा जागी आंबा किंवा काजू कोण लावणार? झाड ही दहा-वीस वर्षांची गुंतवणूक आहे. कोकणातला शेतकरी आळशी, झाडे लावत नाही, हा शेरा मी लहानपणी फार ऐकला. १४ एप्रिल १९२९ ला बाबासाहेब चिपळूणच्या शेतकरी परिषदेत खोतीविरुद्ध बोलले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला, त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. कायदा व्हायला १९४९ उजाडले. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना काढली आणि उतारावरच्या वरकस जमिनींवर काजू-आंब्याची कलमे उभी राहिली. आळस एका रात्रीत गेला काय? नाही. खड्ड्याची मजुरी आणि कलमाचा पैसा सरकारने दिला, म्हणजे जोखमीतला पहिला वाटा सरकारने उचलला. अर्थात ज्याच्या नावावर सातबारा होता त्यालाच. आमच्या वाडीत कितीजणांच्या नावावर होता, तो वेगळा लेख होईल.

बाबासाहेबांचा १९१८ चा 'भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय' हा निबंध आपल्यातले कमी लोक वाचतात, आणि तो फार मोठाही नाही. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग म्हणत होते की कुटुंब सुखाने पोसले जाईल एवढी जमीन ती किफायतशीर. बाबासाहेबांनी ही व्याख्याच खोडली. ही उपभोगाच्या बाजूने केलेली व्याख्या आहे, आणि किफायतीचे माप उत्पादनाच्या बाजूने घ्यायला हवे. जमीन किती हा प्रश्न नाही, तिच्या जोडीला अवजारे, बैल, भांडवल आणि श्रम योग्य प्रमाणात आहेत का हा प्रश्न आहे. शिरापूर-कंझऱ्याच्या बैलांचे गणित पंच्याहत्तर वर्षांनी निघाले, तेही याच रस्त्याने.

आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मागितले की विमा ही सरकारची मक्तेदारी असावी, आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला त्याच्या कमाईच्या मानाने विमा सक्तीचा असावा. कारणे दोन दिली. माणसाला पक्की सुरक्षितता मिळेल, आणि राष्ट्राला आपल्या योजनांसाठी पैसा मिळेल, सावकारी दराने बाजारात जावे लागणार नाही. म्हणजे एकाच वाक्यात उपभोगाची हमी आणि गुंतवणुकीचा स्रोत. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ झाले, पण सक्ती आणि सार्वत्रिकता राहून गेली. खाजगी आस्थापनांतल्या कामगारांच्या भविष्य निर्वाह पेन्शनचा किमान आकडा २०१४ साली ठरला तो महिना एक हजार रुपये. वर आपण तांदूळ-मीठ धरून महिना पाच हजार लिहिले होते, ते वाचकांनी पुन्हा पाहावे.

जाता जाता मर्टनसाहेबांविषयी. त्यांना १९९७ साली नोबेल मिळाले. ज्या बड्या गुंतवणूक कंपनीत ते भागीदार होते ती पुढच्याच वर्षी बुडाली. तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेने बड्या बँकांना एकत्र बसवले आणि त्यांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतून ती सावरली. बड्यांच्या पायाखाली जमीन कशी असते ती अशी. त्यांचे वडील रॉबर्ट के. मर्टन हे थोर समाजशास्त्रज्ञ. लोकांनी एखादे भाकीत खरे मानले की ते भाकीतच स्वतःला खरे करते, हा विचार त्यांनी १९४८ मध्ये मांडला. तुम्ही भित्रे आहात म्हणून गरीब आहात, असे भर सभेत सांगणाऱ्यांनी मुलाच्या सूत्राबरोबर बापाचाही निबंध वाचायला हरकत नाही.

जोखीम घेऊच नये असे मला म्हणायचे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीच्या बागा, ज्या मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे आंबडवे आहे तिथल्या बागा, अर्ध्या दिवसात झोपवल्या. वीस वर्षांची माडा-पोफळीची गुंतवणूक जमिनीवर आडवी. तरी लोकांनी पुन्हा लावल्या. घरी मुंबईचा पैसा येत होता त्यांनी आधी लावल्या, बाकीच्यांनी मागाहून.

कार्यक्रमानंतर आठवड्याने मी वरचे आकडे एका कागदावर मांडून काकांकडे गेलो. ते घरामागच्या उतारावर होते. कागद हातात घेऊन त्यांनी दहा लाखांच्या आकड्यावर बोट ठेवले. "म्हणजे तांदूळ पहिल्या ओळीत लिहायचा," म्हणाले. मी हो म्हटले. त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि पहार उचलली. काजूच्या कलमांसाठी खड्डे चालले होते. सहा झाले होते, आणखी चार घ्यायचे होते. या वयात कुठे ही उस्तवार, मी विचारले. मुलगी मुंबईत इस्पितळात नर्स आहे, तिचा पगार एक तारखेला होतो आणि पाच तारखेपर्यंत घरचे पैसे खात्यात येतात. गेली चार वर्षे चुकलेले नाहीत. पहिली दोन वर्षे त्यांनी काहीच केले नाही, नुसते पाहिले. तिसऱ्या वर्षी दोन कलमे लावली. यंदा दहा.